फंड उभारणे : एका शब्दाचा अर्थ व उपयोग



इंग्रजीच्या तासास 'फंडरेझिंग' हा शब्द आला म्हणजे त्यास मराठी प्रतिशब्द विचारण्याचा आमचा परिपाठ आहे. उत्तरे पुष्कळ येतात. कोणी 'वर्गणी' म्हणतो, कोणी 'देणगी', कोणी 'निधिसंकलन' असा वर्तमानपत्री शब्द सांगतो. आणि मागच्या बाकावरून, हळूच परंतु सर्वांस ऐकू जाईल अशा बेताने, 'भीक' असेही उत्तर येते. मुले हसतात. आम्हांस मात्र ते शेवटले उत्तर टाकाऊ वाटत नाही. ज्या ज्या घरातील मुलाच्या हाती एखाद्या कार्याचे पावतीपुस्तक गेले, त्या त्या घरात हा शब्द कधी ना कधी उच्चारला गेलेला असतो. "आमच्या मुलास दारोदार हात पसरावयास का लावता?" असे विचारणारे पालक आम्हांस भेटले आहेत. त्यांच्या प्रश्नात राग असला तरी तो प्रश्न खरा आहे, आणि त्यास उत्तर दिले पाहिजे. ते उत्तर शब्दांच्याच अभ्यासातून निघते की काय, हे पाहण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम शब्दाची फोड करू. 'फंड' हा शब्द इंग्रजीत लॅटिन भाषेतून आला. लॅटिनमधील 'फुंडुस' म्हणजे तळ, बूड; आणि त्यावरून जमीन, शेत. इमारतीच्या पायास इंग्रजीत 'फौंडेशन' म्हणतात, तो शब्दही ह्याच कुळातला. ज्याच्या आधारावर काही उभे राहावयाचे, असा तळाशी घालून ठेवलेला पैसा तो फंड. आता आपला 'निधी' शब्द घ्या. संस्कृतात 'नि' म्हणजे खाली किंवा आत, आणि 'धा' म्हणजे ठेवणे. खाली ठेवलेले, पुरून जतन केलेले धन तो निधी. कुबेराचे नवनिधी तुम्हांस ठाऊकच आहेत. वर्गणीस इंग्रजीत 'सबस्क्रिप्शन' म्हणतात. त्याचा लॅटिन अर्थ 'खाली लिहिणे'. वर कार्याचा मजकूर लिहावयाचा, आणि ज्यास तो मान्य असेल त्याने त्याखाली आपले नाव व आकडा घालावयाचा. असे हे तीन निरनिराळे शब्द, पण तिघांचीही नजर खाली, तळाकडे लागलेली. 'थेंबे थेंबे तळे साचे' ही आपली म्हणही तळ्याचीच गोष्ट सांगते, हा योगायोग असला तरी गमतीचा आहे.

दुसरा अवयव 'रेझिंग', म्हणजे वर उचलणे, उभारणे. इंग्रज ह्याच क्रियापदाने सैन्य उभारतो, पीक काढतो आणि मुलेबाळेही वाढवितो. मराठीत आपण गुढी उभारतो, मंडप उभारतो, आणि अलीकडे निधीही उभारतो. ह्या जागी आपण बहुधा 'गोळा करणे' हे क्रियापद वापरतो, पण दोहोंत भेद आहे. जे अगोदरच पडलेले आहे ते गोळा करावयाचे. वाऱ्याने पडलेले आंबे आपण गोळा करतो. जे नव्हते ते उभारावयाचे. पैसा लोकांच्या खिशांत असतो हे खरे, पण फंड कोठेच नसतो. शंभर माणसांस एक कार्य आपले वाटले म्हणजे मग तो उत्पन्न होतो. हा भेद ज्याच्या ध्यानी आला नाही तो डबा घेऊन हिंडतो, डबा भरतो, आणि पुढल्या वर्षी त्याच दारांवर गेला म्हणजे दारे लागलेली पाहून आश्चर्य करतो.

इंग्रजीत हा जोडशब्द विसाव्या शतकात रूढ झाला. क्रिया मात्र फार जुनी आहे. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठ आज जगातील धनाढ्य विद्यापीठांत मोडते, पण १६४१ साली त्या वसाहतीने तीन माणसे समुद्रापार इंग्लंडास पाठविली, ती विद्यालयासाठी व वसाहतीसाठी द्रव्य मिळवावयास. १६४३ साली लंडनात त्या विद्यालयाची माहिती देणारे एक लहानसे पुस्तक छापले गेले. फंडासाठी छापलेल्या माहितीपत्रकांचा तो एक आद्य नमुना समजला जातो. त्याच वर्षी लेडी ॲन मौल्सन ह्या बाईंनी शंभर पौंड दिले, ते अशासाठी की त्यांच्या उत्पन्नातून एका गरीब विद्यार्थ्याचा खर्च चालावा. हार्वर्डची ही पहिली शिष्यवृत्ती होय. मागावयास गेलेल्या त्या तिघांस लोक काय म्हणाले असतील, ह्याची कल्पना वरील पालकांस सहज करता येईल.

आता आपल्या भाषेतील गोतावळा पाहू. मागणे व देणे ह्या व्यवहारासाठी मराठीत इतके शब्द आहेत की त्यांतील सूक्ष्म भेद परदेशी माणसास समजावून सांगता सांगता पुरेवाट होते.

'भिक्षा' हा त्यांतील वडील. आज तो आणि 'भीक' एकाच पंगतीस बसतात, पण त्याचे मूळ पाहिले तर मन थबकते. संस्कृतातील 'भिक्ष्' हा धातू 'भज्' ह्या धातूच्या इच्छार्थक रूपातून निघाला आहे, आणि 'भज्' म्हणजे वाटणे, वाटा घेणे. तेव्हा भिक्षा म्हणजे मुळात 'वाटा मिळावा अशी इच्छा'. मागणारा आणि देणारा एकाच कुटुंबाचे आहेत, एकाच ताटाचे धनी आहेत, असे त्यात गृहीत धरलेले आहे. समर्थ रामदासांनी दासबोधात चौदाव्या दशकातील एक सबंध समास भिक्षेच्या निरूपणास दिला आहे, तो काही उगाच नव्हे. 'माधुकरी' हा शब्द तर मधुकरावरून, म्हणजे भ्रमरावरून आला. प्रत्येक फुलातून थोडाच रस घ्यावयाचा, फुलास धक्का लावावयाचा नाही. एके काळी पुण्यासारख्या शहरी गरीब विद्यार्थी माधुकरी मागून व वारावर जेवून शिकत. त्यांपैकी कित्येक पुढे मोठ्या योग्यतेस चढले, आणि त्यांस माधुकरी मागितल्याची लाज वाटली नाही. नवसाचा 'जोगवा' मागणारी सुवासिनी तर घरची खाऊनपिऊन सुखी असते. तरी ती पाच घरी पदर पसरते. मागणारा दरिद्रीच असला पाहिजे असे आपल्या परंपरेत कधीच नव्हते.

'चंदा' हा हिंदी भाषकांचा नेहमीचा शब्द. तो फारसीतील 'चंद', म्हणजे काही, थोडे, ह्यावरून आला. थोडे देणे हा त्याचा प्राण. 'देणगी' हा शब्द मात्र अंमळ भारदस्त आहे. सव्वा रुपयास कोणी देणगी म्हणत नाही. त्या ठिकाणी आपण 'फूल ना फुलाची पाकळी' म्हणतो किंवा 'खारीचा वाटा' म्हणतो. पुढाऱ्यास जाहीर सभेत दिली जाई ती 'थैली'. 'वर्गणी' म्हणजे अनेकांनी मिळून एका कार्यासाठी द्यावयाचा आपापला भाग. आणि मासिकाची वार्षिक किंमत तीही वर्गणीच. (वर्गणी थकविणारे वर्गणीदार हा मराठी संपादकांचा जुना व अखंड विषय आहे, त्यात आज आम्ही शिरत नाही.)

ह्यापुढे एक उंबरठा लागतो. तो ओलांडला की 'पट्टी', 'फाळा' आणि 'खंडणी' हे शब्द सुरू होतात. पट्टी आणि फाळा बसविले जातात. घरपट्टी किंवा पाणीपट्टी देताना 'आपली इच्छा असेल तर द्या' असे कोणी म्हणत नाही. त्यात गैर काहीच नाही, कारण तो कर आहे व कायद्याने ठरलेला आहे. 'खंडणी' हाही एके काळी राजकारणातला साधा शब्द होता. दुबळा राजा बलिष्ठ राजास जी ठरीव रक्कम देई ती खंडणी. आज तो फौजदारी गुन्ह्याचा शब्द झाला आहे. उत्सव कोणत्याही धर्माचा असो, दहापाच तरुण दुकानदारापुढे उभे राहून आकडा स्वतःच सांगतात व पावती अगोदर फाडून पुढे करतात, तेव्हा दुकानदार मनात कोणता शब्द उच्चारतो हे त्याच्या तोंडावर वाचता येते. पावतीवर 'वर्गणी' छापले म्हणून ती वर्गणी होत नाही.

मग वर्गणीची खूण कोणती? आमच्या मते एकच: देणाऱ्यास 'नाही' म्हणता आले पाहिजे, आणि 'नाही' म्हटल्यावरही त्याचे काही बिघडता कामा नये. सुऱ्याचा धाक दाखवून पैसा घेणे वाईट हे तुम्हांस कोणी शिकवावयास नको. पण आपल्या समाजात सुऱ्याहून सूक्ष्म असे एक हत्यार आहे; त्याचे नाव भीड. 'भीड ही भिकेची बहीण' अशी म्हण आहे. साहेबांनी मागितले म्हणून कारकुनाने दिले, गुरुजींनी मागितले म्हणून मुलाने घरी हट्ट धरला, सोयऱ्याने मागितले म्हणून उसने काढून दिले. ह्यांपैकी किती वर्गणी व किती पट्टी, ह्याचा हिशेब ज्याने त्याने आपल्याशी करावा. आमच्या पाहण्यातील एका शाळेत कोणी किती आणले ते वर्गातील फळ्यावर नावांसमोर लिहीत असत. हेतू चांगला होता. मुलांत चढाओढ लागावी, एवढाच. परंतु ज्या मुलीच्या नावासमोर तीन दिवस शून्य राहिले ती चौथ्या दिवशी शाळेत आली नाही. तिच्या आईने पाचव्या दिवशी दहा रुपये पाठविले. ते दहा रुपये फंडात जमा झाले हे खरे, पण ते कोणत्या शब्दाखाली मांडावे हे आम्हांस अद्याप ठरविता आलेले नाही.

नावे छापणे हे मात्र सरसकट वाईट म्हणता येत नाही, आणि येथे अमेरिकेतील एक प्रसिद्ध उदाहरण देण्याजोगे आहे. न्यूयॉर्क बंदरातील स्वातंत्र्यदेवतेचा पुतळा फ्रेंच लोकांनी दिला, पण त्याखालचा चौथरा अमेरिकनांनी बांधावयाचा होता. काम अर्ध्यावर आले आणि पैसा संपला. सुमारे एक लाख डॉलर हवे होते. धनिकांनी हात आखडता घेतला. तेव्हा 'वर्ल्ड' ह्या वर्तमानपत्राचे मालक जोसेफ पुलित्झर ह्यांनी मार्च १८८५ मध्ये वाचकांस आवाहन केले, आणि देणगी कितीही लहान असो, देणाऱ्याचे नाव छापू असे वचन दिले. ऑगस्टपर्यंत एक लाखाहून अधिक डॉलर जमले. देणारे एक लाख वीस हजारांच्या घरात होते, म्हणजे सरासरीने माणशी एक डॉलरही पडला नाही! लहान मुलांनी आपले खाऊचे पैसे पाठविले. पुलित्झर ह्यांच्या पत्राचा खपही त्यामुळे वाढला, हे सांगावयास आम्ही विसरत नाही. त्यांचा हेतू निर्भेळ होता असे कोणी समजू नये. पण फळ्यावरील नाव आणि त्या पत्रातील नाव ह्यांत अंतर होते. तेथे काही सेंट देणाऱ्याचे नाव मानाने छापले जाई, आणि ज्याने काहीच दिले नाही त्याचे नाव कोणासच कळत नसे.

थोड्याथोड्याचे हेच गणित आपल्याकडे अंताजी दामोदर काळे ह्यांनी मांडले. विसावे शतक उजाडण्याच्या सुमारास त्यांच्या मनात आले की प्रत्येक देशबांधवाने वर्षास केवळ एक पैसा दिला तर देशी उद्योगधंद्यांसाठी भांडवल उभे राहील. गणिताच्या तासासाठी हे उदाहरण उत्तम आहे. १९०१ च्या खानेसुमारीत हिंदुस्थानची लोकसंख्या सुमारे २९ कोटी होती, आणि तेव्हा रुपयाचे चौसष्ट पैसे होत. भागाकार करा: वर्षाचे ४५,३१,२५० रुपये! पण ह्या त्रैराशिकात एक रकम धरलेली नाही, ती पैसा आणावयास जाणाऱ्याच्या पायपिटीची. एका दारी जाण्याचा खर्च तेथे मिळणाऱ्या पैशाहून अधिक होऊ लागला म्हणजे गणित कोलमडते. काळे गावोगाव हिंडले, लोकमान्य टिळकांनी त्यांची योजना उचलून धरली, तरी त्रैराशिकातल्या आकड्याच्या जवळपासही फंड गेला नाही. तथापि जे जमले त्यातून तळेगाव दाभाडे येथे १९०८ साली पैसाफंडाचा काचकारखाना निघाला. ईश्वरदास वार्ष्णेय हे परदेशी जाऊन काचेची विद्या शिकून आलेले गृहस्थ त्यास लाभले, आणि तेथे तयार झालेल्या कारागिरांनी पुढे अन्यत्रही काचेची कामे चालविली. ज्याने एक पैसा दिला तोही कंदिलाची देशी काच हाती घेताना 'ही माझी' असे म्हणू शकत होता. उभारणे म्हणजे काय ते येथे दिसते.

पैशाहूनही लहान नाणे आहे, ते म्हणजे मूठ. कर्मवीर भाऊराव पाटील ह्यांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली, आणि १९२४ साली साताऱ्यास सर्व जातींच्या मुलांचे वसतिगृह चालू केले. तेथील पोरांच्या पोटास घालावयास रोख पैसा नव्हता. खुद्द त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई ह्यांनी मंगळसूत्रदेखील मोडले, हे महाराष्ट्रास ठाऊक आहे. खेड्यातील बायांच्याही हाती रोकड नसे, परंतु धान्य असे. रोजच्या धान्यातून एक मूठ शिक्षणासाठी वेगळी ठेवावयाची, हा भाऊरावांचा 'मुष्टिफंड'. आणि मौज पहा: हीच युक्ती भारताच्या दुसऱ्या टोकास, मिझोरामच्या डोंगरांत, तेथील ख्रिस्ती स्त्रियांनी १९१० च्या सुमारास चालू केली. भात रांधण्यापूर्वी मूठभर तांदूळ बाजूस काढावयाचे व जमले म्हणजे मंडळीच्या कार्यास द्यावयाचे. ती चाल तेथे अद्याप चालू आहे. एकास दुसऱ्याची वार्ता असण्याचे कारण नव्हते. ज्या घरी पैसा येतो तो पुरुषाच्या हाती आणि जातो तोही त्याच्याच हातून, त्या घरातील बाईस स्वतः दाता होण्याचा हा एकच मार्ग होता, हे दोन्हीकडे सारखेच.

पंडिता रमाबाईंच्या चरित्रात ह्या विषयाचे आणखी एक अंग दिसते. त्या १८८६ साली अमेरिकेस गेल्या व तेथे व्याख्याने देत हिंडल्या. १८८७ च्या अखेरीस बोस्टन येथे 'रमाबाई असोसिएशन' स्थापन झाली. तिची ठिकठिकाणी मंडळे निघाली, आणि प्रत्येक सभासदाने दर वर्षी एक डॉलर, असा दहा वर्षांचा वायदा केला. एकदम मोठी रक्कम न मागता दहा वर्षांचा वायदा मागण्यात बाईंचे व्यवहारज्ञान दिसते. शाळा काही एका दिवसात जेवून उठणारी पंगत नव्हे. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईस 'शारदासदन' उघडले. परंतु हा पैसा एका बोलीवर मिळालेला होता: सदनात कोणत्याही धर्माचे शिक्षण द्यावयाचे नाही. पुढे सदन पुण्यास आले, मुली रमाबाईंच्या खाजगी प्रार्थनेस बसू लागल्या, आणि ती बोली मोडली की पाळली ह्यावर १८९३ साली मोठा वाद माजला. न्यायमूर्ती रानडे व डॉक्टर भांडारकर ह्यांनी सल्लागार मंडळ सोडले. अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. अमेरिकेतील मंडळाने मात्र रमाबाईंचा पाठिंबा काढून घेतला नाही. आम्ही स्वतः मिशनच्या शाळेत शिकलो व रमाबाईंच्या कार्याविषयी आम्हांस अत्यंत आदर आहे. तरी तो प्रश्न विचारणाऱ्यांस तो विचारण्याचा अधिकार होता असेच आमचे मत आहे. पैसा ज्या शब्दावर घेतला तो शब्द फंडाचाच भाग असतो.

नाटके, जलसे, सोडती ह्यांच्या द्वारे पैसा उभारणे ही एक निराळीच शाखा आहे. टिळक स्वराज्य फंडासाठी १९२१ साली एक कोट रुपये जमविण्याचा संकल्प देशाने सोडला व तडीस नेला. त्याच फंडाच्या साहाय्यार्थ ८ जुलै १९२१ रोजी मुंबईस बालगंधर्व आणि केशवराव भोसले ह्या दोन प्रतिस्पर्धी नटांनी एकत्र येऊन 'मानापमान' केले; तो 'संयुक्त मानापमान' म्हणून जुने रसिक आजन्म आठवीत राहिले. तिकीट काढून गेलेल्या माणसाने देणगी दिली की गाणे विकत घेतले? दोन्ही, असे म्हणावे लागेल. म्हणूनच 'साहाय्यार्थ' हा शब्द जाहिरातीवर छापणाऱ्याने खर्च वजा जाता कार्यास काय उरले तेही छापावे. तसे क्वचितच छापलेले आढळते.

आणि ह्यावरून आपण हिशेबाकडे येतो. ह्या बाबतीत जुन्या करारातील एक गोष्ट आम्हांस नेहमी नवी वाटते. योवाश राजाने मंदिराच्या दुरुस्तीसाठी याजकांस लोकांकडून पैसा घेण्याची आज्ञा केली. त्याच्या कारकीर्दीचे तेविसावे वर्ष उजाडले तरी दुरुस्ती झालेली नव्हती! याजकांनी पैसा खाल्ला असे लेखक म्हणत नाही; तो केवळ भोक न बुजल्याचे सांगतो. मग यहोयादा याजकाने एक पेटी घेतली, तिच्या झाकणास भोक पाडले व ती वेदीपाशी ठेविली. पेटी भरली म्हणजे राजाचा चिटणीस व मुख्य याजक असे दोघे मिळून पैसे मोजीत, आणि तो पैसा सुतार, गवंडी, पाथरवट ह्यांच्या कामावर लागे. मागणारा, मोजणारा व खर्च करणारा हे तीन हात वेगळे केल्याबरोबर काम झाले. आजच्या कायद्याचेही मर्म ह्याहून फार निराळे नाही. मुंबई राज्यात १९५० साली सार्वजनिक विश्वस्त संस्थांचा कायदा झाला. तोच महाराष्ट्रात चालत आला आहे. त्याप्रमाणे संस्थेने धर्मादाय आयुक्तांकडे नोंद करावयाची व तपासलेला हिशेब दर वर्षी सादर करावयाचा असतो.

तेव्हा ज्या विद्यार्थ्याच्या हाती पावतीपुस्तक येईल त्याने निघण्यापूर्वी एवढे पाहून घ्यावे की पुस्तकावर संस्थेचे नाव, नोंदणीचा क्रमांक व पावत्यांचे अनुक्रमांक छापलेले आहेत. कार्य काय आहे हे त्याला स्वतःच्या शब्दांत दोन वाक्यांत सांगता आले पाहिजे. ज्याला ते सांगता येत नाही त्याने दार वाजवू नये. पैसे घेतल्याबरोबर पावती फाडावी, पन्नास पैशांची असली तरी. पहाटेच्या वासुदेवास मूठभर दाणे घातले तर तो 'दान पावलं' म्हणून साऱ्या आळीस ऐकू जाईल असे पुकारतो. पावती म्हणजे तेच. कोणी 'नाही' म्हटले तर नमस्कार करून पुढे जावे, आणि त्या घराविषयी वर्गात येऊन बोलू नये. हल्ली दारोदार जाण्याचेही कारण उरलेले नाही. भ्रमणध्वनीवर एखाद्या आजारी बालकाचे छायाचित्र येते, खाली चौकटीचौकटींचा क्यूआर कोड असतो, आणि अंगठा टेकताच पैसे जातात. ह्यात पायपीट वाचली, अंताजी काळ्यांच्या गणितातली अडचण दूर झाली, हा लाभ थोडा नाही. परंतु मागणारा डोळ्यांसमोर नाही. छायाचित्र खरे की चोरलेले हे कळावयास मार्ग नाही. पालकांनी अशा आवाहनातील रुग्णालयास स्वतः विचारून खात्री करावी व मगच पैसे पाठवावे. पाच मिनिटांचा विलंब झाल्याने खरे कार्य बुडत नाही. पाच मिनिटांचीही सवड न देणाऱ्या आवाहनाविषयी मात्र संशय धरावा.

राहता राहिला एक प्रश्न, जो वर्गात सहसा कोणी विचारीत नाही: फंड पुरा झाला म्हणजे काय करावयाचे? निर्गमाच्या पुस्तकात निवासमंडपाच्या बांधणीसाठी लोक रोज सकाळी इतके आणू लागले की कारागीर काम टाकून मोशेकडे आले व हे फार होते आहे म्हणून सांगू लागले. तेव्हा मोशेने छावणीत दवंडी पिटविली की आता कोणी काही आणू नये. असे उदाहरण पुन्हा घडणे कठीण असे आम्हांस वाटत असे. परंतु २६ डिसेंबर २००४ रोजी हिंदी महासागरात त्सुनामीची लाट आली, तमिळनाडूपासून इंडोनेशियापर्यंतचे किनारे उद्ध्वस्त झाले, आणि जगभरातून पैशाचा पूर लोटला. तेव्हा 'सीमांविना डॉक्टर' ह्या मूळच्या फ्रेंच वैद्यकीय संस्थेने आठदहा दिवसांतच जाहीर केले की ह्या संकटातील आमच्या कामास लागेल तेवढे मिळाले आहे, ह्या नावाने आणखी पाठवू नये. इतर संस्था रागावल्या. लोकांचा उत्साह अशाने थंड होईल असे त्यांस वाटले. ज्यांनी अगोदर दिलेले होते त्यांस त्या संस्थेने पत्रे पाठवून विचारले की उरलेला पैसा दुसऱ्या ठिकाणच्या पीडितांसाठी वापरू की आपणांस परत करू? परत मागणारे फारच थोडे निघाले.